घरघंटी घेतली, पण गव्हासाठी नाही

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर डीलरशी माझं चांगलंच वाजलंय, आणि दुसरं म्हणजे दुकानात पाच-सहा मॉडेलं उघडून बघितली तर आतला प्रकार सगळ्यांचा साधारण सारखाच, बाहेरचं कपाट तेवढं वेगवेगळं. त्यामुळे हा रिव्ह्यू घरघंटी, म्हणजे घरच्या घरी पीठ दळायचं मशीन, या वस्तूचा समजा, आणि तोही एकाच कामापुरता. दिवाळीला घरी येणाऱ्यांपैकी एकाला गहू चालत नाही, दुसऱ्याला शेंगदाणा चालत नाही, आणि फराळ तर सगळ्यांनी एकत्र बसूनच खायचाय, अशा घराला हे मशीन उपयोगी आहे का. ताजं पीठ, पौष्टिक पीठ, गिरणीत सत्त्व जळतं वगैरे जाहिरातीत असतं त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, कोपऱ्यावरच्या गिरणीतलं पीठ खाऊन आमच्या घरातल्या तीन पिढ्या धडधाकट आहेत.

तर झालं असं. माझ्या नणंदेच्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. आता नऊ वर्षांची आहे, सहाव्या वर्षी निघालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही तशी अ‍ॅलर्जी नव्हे, ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आणि ग्लूटेन असतं गव्हात, जवात, रायमध्ये. म्हणजे रवा गेला, मैदा गेला, शेवया गेल्या, दलिया गेला. थोडंसं खाल्लं तर चालेल, सणाच्या दिवशी काय एवढं, हा प्रकारच नाही, पोळीचा चुरा पडलेल्या ताटातला भातसुद्धा नको. २०२४ च्या भाऊबीजेला ती आमच्याकडे आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की चकली बिनधास्त खा गं, मामीची भाजणी आहे, तांदूळ आणि डाळी, गव्हाचा दाणा नाही त्यात. तिने चार खाल्ल्या. रात्रीपासून पोट धरून बसली, पुढचे तीन दिवस पोरीची दिवाळी संडासात गेली. नणंद मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग डोक्यात चक्र सुरू झालं. भाजणीत गहू खरंच नव्हता. पण दिवाळीआधी गिरणीत रांग असते, माझ्या डब्याच्या आधी कुणाचे दहा किलो गहू दळलेले असणार आणि जात्यात राहिलेलं ते पीठ माझ्या भाजणीत उतरलं असणार. गिरणीवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, ताई तुमचंच मूठभर आधी टाकतो आणि बाजूला काढतो की. काढतात, मी बघितलंय, पण त्या मुठीने दगडाच्या टाक्यात बसलेलं काय निघणारे. काकांचा दोष नाही, गिरणी ही सगळ्या गावाची असते. आणि दुसरा संशयित निघाला हिंग! त्याच्याबद्दल पुढे सांगते.

२०२५ चे गणपती झाले आणि कळलं की त्या दिवाळीला धाकटे दीर-जाऊही न्यू जर्सीहून येतायत, आणि त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला शेंगदाणा, काजू आणि तीळ या तिन्हीची अ‍ॅलर्जी आहे. ही मात्र खरीखुरी अ‍ॅलर्जी, म्हणजे भाचीचं पोट काही तासांनी बिघडतं तसं नाही, याचे ओठ काही मिनिटांत सुजतात आणि श्वासावर जातं. आता मराठी माणसाच्या घरात शेंगदाणा आणि तीळ काढून बघा स्वयंपाक करून. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्यात कूट, चटणी तर नावानेच शेंगदाण्याची, गोड्या मसाल्यात तीळ. त्या दिवशी नवऱ्याला म्हणलं, घरघंटी घेऊ या. तो म्हणाला, आठ दिवसांच्या पाहुण्यांसाठी? म्हणलं हो.

साडेसतरा हजारला पडली. एक हॉर्सपॉवरची मोटर, वरच्या हॉपरमध्ये धान्य टाकायचं, खाली स्टीलचा डबा, मध्ये धान्य फोडणारी स्टीलची पाती आणि त्याभोवती जाळी, जेवढी बारीक जाळी तेवढं बारीक पीठ. बॉक्सबंद पीस हवा असं मी दुकानात तीन वेळा सांगितलं, कारण डिस्प्लेवरच्यात डीलर दिवसभर गहू दळून दाखवत होता. बॉक्सबंद आला, टेप माझ्यासमोर फाडली, सगळं छान. बसवायला आलेला मुलगा पण चांगला होता. मी आत चहा टाकायला गेले. चहाला उकळी येईपर्यंत बाहेरून घर्रर्र आवाज यायला लागला, धावत बाहेर आले तर त्याने बॅगेतून अर्धा किलो गहू काढून डेमोसाठी मशीनमध्ये ओतले होते आणि आमचे हे बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होते. "अगं, काय झरझर दळतंय बघ!" मला रडावं का हसावं कळेना. मुलगा बिचारा घाबरला, म्हणाला मॅडम आम्ही सगळीकडे असाच डेमो देतो.

मग मी त्याच्याकडूनच मशीन खोलून घेतलं. ब्रश मारला, व्हॅक्यूम मारला, आतलं पीठ गोळा करणारी कापडी पिशवी धुतली, दोन किलो रेशनचा तांदूळ दळून काढला (ते पीठ पुढे रांगोळीत गेलं). आणि मग टॉर्च मारून बघितलं तर दाराला जो रबर असतो ना, त्याच्या खाचेत पांढरी रेघ. नखाने काढली तर वळकटी निघाली. वळकटी म्हणजे गहूच, तांदळाच्या पिठाची अशी चिकट वळकटी होत नाही. तिथे ठरवलं, हे मशीन या घरात राहणार नाही. डीलर म्हणे वापरलेलं परत घेत नाही. म्हणलं वापरलं कुणी, मी का तुमच्या माणसाने? अकरा दिवस हे चाललं, शेवटी दुसरं आलं. ते बसवायला तोच मुलगा, या वेळी मी दारातच त्याची बॅग तपासली, त्याला राग आला असेल तर आला. पहिला दळला तो निवडून धुऊन वाळवलेला आंबेमोहोर.

तर घेणाऱ्यांनी पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा. ग्लूटेनसाठी घेत असाल तर मशीन गव्हाला आयुष्यात शिवलेलं नको, आणि पुढेही शिवायचं नाही. आमच्या पोळ्यांचा गहू अजून गिरणीतच जातो. शेजारीण हसते, घरात साडेसतरा हजाराचं मशीन आणि खांद्यावर गव्हाचा डबा घेऊन नवरा गिरणीत! हसू दे.

आता कामाचं बोलते. तांदळाची पिठी सगळ्यात बारीक जाळीवर इतकी सुरेख येते की मोदकाची उकड गुठळीशिवाय झाली, यात पैकीच्या पैकी मार्क. ज्वारी-बाजरी-नाचणी उत्तम. हरभरा डाळीचं बारीक बेसन करताना मशीन गरम होतं, दोन किलोनंतर मी पंधरा मिनिटं थांबते. लाडवाचं रवाळ बेसन एक जाळी जाड लावून करते, ते बाजारच्यापेक्षा कितीतरी चांगलं, भाजताना वास दोन मजले खाली जातो. वेळ मात्र गिरणीसारखा नाही, पाच किलोला माझा पाऊण तास जातो. विजेची भीती घालतात लोकं पण एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, अख्खा तास चाललं तरी साधारण एक युनिट जातं. आवाज मिक्सरएवढाच, पण मिक्सर दोन मिनिटांत थांबतो आणि हे थांबत नाही. खाली जाड रबरी मॅट टाकली तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांचे फोन बंद झाले.

चकलीच्या भाजणीचं प्रमाण माझ्या आईचं, ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ मूग डाळ, अर्धी उडीद डाळ, मूठभर धणे आणि त्याच्या निम्मे जिरे. धुऊन सावलीत वाळवून वेगवेगळं मंद भाजायचं हे सगळ्यांना माहिती आहे, पण घरघंटीसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, भाजणी पूर्ण गार पाहिजे, कोमट टाकली की वाफ धरते आणि जाळी बुजते. दुसरी, निवडायची, आणि निवडायची म्हणजे चष्मा लावून, पांढऱ्या परातीत. दुकानात पोती शेजारी शेजारी असतात, माप एकच असतं, गव्हाच्या पोत्यातलं माप डाळीत जातं. मला पाच किलोत सात दाणे गव्हाचे सापडले. सात! मशीन कितीही सोवळं असलं तरी ते सात दाणे मीच माझ्या हाताने त्यात घातले असते.

जिथे मशीन हरलं तेही सांगते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, उपसून, पंचावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे असतात. मला वाटलं किंचित दमटच आहेत, चालेल. नाही चालत. अर्ध्या मिनिटात आवाज बदलला, मोटर घुमायला लागली, जाळीवर आतून सिमेंटसारखा थर. खोलून टूथब्रशने साफ करायला सव्वा तास लागला, वरून सर्व्हिसवाल्याचा फेरा, त्याचे ३५० वेगळे. पुस्तिकेत लिहिलेलं होतं, ओलं आणि तेलकट धान्य टाकू नये. मी वाचलं नव्हतं. अनारशाचं पीठ शेवटी मिक्सरवर केलं आणि वस्त्रगाळ केलं, नेहमीसारखं. त्यामुळे तीळ, खोबरं, दाणे असलं काही यात टाकायचा विचारही करू नका, आमच्याकडे तर अजिबातच नाही.

आणि मुख्य गोष्ट. मशीन आलं म्हणजे काम झालं असं मला वाटत होतं आणि तिथेच मी परत आपटणार होते. दिवाळीआधी दोन आठवडे नणंद एका रविवारी एकटी येऊन गेली, नाष्टा झाला आणि म्हणाली, वहिनी, राग मानू नकोस, एकदा ओट्याशी उभी राहू का? म्हणलं ये. तिने काही न बोलता हिंगाची डबी उचलली आणि मागचं बारीक अक्षर माझ्यापुढे धरलं. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. वीस वर्षं ती डबी वापरतेय मी, कधी मागे वाचलं नाही! हिंग नुसता फार उग्र असतो म्हणून पिठात बांधतात, आणि ते पीठ बऱ्याच कंपन्यांचं गव्हाचं असतं. खडा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, काही खड्यांतही मैदा असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबी उलटी करून वाचायची एवढंच. म्हणजे २०२४ च्या त्या चकलीत गिरणीतलं किती आणि मी चिमटीने घातलेलं किती, ते आता देवालाच ठाऊक.

मग एकेक वस्तू निघायला लागली. लाकडी पोळपाट-लाटणं, ज्याच्यावर रोज पोळ्या होतात, ते कितीही धुतलं तरी लाकडात पीठ बसतंच, बाद. पिठाची चाळण, जाळीच्या कडेला बघा एकदा, बाद. पितळी सोऱ्या आजेसासूबाईंचा, त्याच्या आट्यांत काय काय असेल, तोही बाजूला, मंडईतून येताना तुळशीबागेत जाऊन नवा स्टीलचा घेतला. कढई स्टीलची होती ती घासून चालली, पण तेल नवं. तेलावरून आमच्याकडे एक छोटं महाभारत झालं. सासरे गेली काही वर्षं घाण्याचं शेंगदाण्याचं तेल आणतात, स्वतः डबा घेऊन जातात, समोर गाळून घेतात, त्यांना त्याचा फार अभिमान. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तेलाने अ‍ॅलर्जी होत नाही. ते रिफाइंडच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे कारण त्यात दाण्यातलं प्रोटीन जवळपास राहत नाही, पण घाण्याच्या तेलात ते राहतं, शुद्ध आहे हाच त्याचा प्रॉब्लेम. बाबांना हे सांगणं जड गेलं. गप्प बसले, संध्याकाळी स्वतःच तो डबा उचलून गच्चीवरच्या स्टोअररूममध्ये ठेवून आले, कुलूप लावून. फराळ सगळा सूर्यफुलावर तळला.

सासूबाईंचं वेगळंच. करंजीच्या सारणात काजू नाही घालायचे कळल्यावर त्या म्हणाल्या, बरं मग चारोळी घालते. फोनवर जावेला सांगितलं तर ती थांबा थांबा म्हणाली. काजू आणि पिस्ता ही सख्खी भावंडं, एकाची अ‍ॅलर्जी असली की बहुतेकदा दुसऱ्याचीही असते, आणि चारोळी पण त्याच कुळातली. आंबा त्यातलाच, बिब्बा त्यातलाच, म्हणजे डिंकाच्या लाडवात घालतो ती गोडंबीसुद्धा. आंबा तो पोरगा खातो, चारोळी कधी दिलेली नाही. आता चारोळीने होईलच असं नाही, पण पाहुण्याच्या पोरावर दिवाळीत प्रयोग कोण करणार. सारणात खसखस आणि किसमिस घातली, खसखशीचंही आधी विचारून. आणि जायफळ चालतं, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.

तिळाचं जावेकडून कळलं ते नवीन होतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, अ‍ॅलर्जीच्या यादीत ग्लूटेनवाली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट एवढं आहे, तीळ नाही. त्यामुळे पाकिटावर खाली ठळक अक्षरात तीळ दिसला नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, घटकांची आख्खी ओळ वाचायची. मी चकलीत तीळ काढून ओवा जास्त घातला. तीळ नसलेली चकली दिसायला टकली वाटते पण चवीला कुणाचं काही अडलं नाही.

रेडीमेडचा पर्याय मी बघितला नाही असं नाही. दिवाळीच्या एका प्रदर्शनात एका घरगुती उद्योगाचा स्टॉल होता, मोठा फ्लेक्स, ग्लूटेन फ्री फराळ, किलोला नेहमीच्या दुप्पट. मी विचारलं, गव्हाच्या शंकरपाळ्या त्याच कढईत तळता का? ताई म्हणाल्या, "अहो तेवढ्याने काय होतं, तेल उकळतंय की!" उकळत्या तेलाने ग्लूटेन मरत नाही, ते काही जंतू नाही. नियमाप्रमाणे ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, आणि त्यांच्या पिशवीवर लायसन्स नंबर पण नव्हता. वाईट हेतू नव्हता त्यांचा, आधीच्या वर्षी मी पण अशीच म्हणाले होते की. पण घेतलं नाही.

फराळात सगळ्यात रडवलं ते शंकरपाळ्यांनी. तांदूळ पिठी, थोडं बेसन, साखर, तूप, दूध, पहिला घाणा कढईत टाकला आणि अक्षरशः विरघळला, तळाशी नुसती गोड वाळू. ग्लूटेन म्हणजे काय ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं, तेच धरून ठेवतं सगळं. मग नणंदेने फोनवर सांगितलं, इसबगोल घाल. मला वाटलं चेष्टा करतेय. बाबांच्या कपाटातला साधा इसबगोल, दोन वाट्या पिठाला एक मोठा चमचा, दुधात भिजवून दहा मिनिटं ठेवायचा, त्याचा चिकट लगदा होतो, तो पिठात मळायचा. लाटताना चिरा जातात पण प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये जाडसर लाटलं की निभतं. शंकरपाळ्या झाल्या. मैद्यासारखे पदर नाहीत, बिस्किटासारख्या खुसखुशीत, आणि दीर दोन दिवस विचारत होता की वहिनी, इसबगोलच्या शंकरपाळ्या किती खाल्ल्या तर सकाळी त्रास होणार नाही.

करंज्यांना मी तो उद्योग केलाच नाही. कोकणात मोदकाबरोबर उकडीच्या करंज्या करतात तशाच केल्या, तळायची भानगड नाही, पारी घरघंटीच्या पिठीची. दिवाळीला उकडीच्या करंज्या म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं, पण चार दिवस टिकायला नकोच होत्या, दुपारी केल्या आणि संध्याकाळी संपल्या. चिवडा सोपा. पातळ पोहे, डाळं, खोबऱ्याचे काप (खोबरं त्या मुलाला चालतं, जावेला विचारूनच), दाण्यांच्या जागी मखाणे. मक्याचा चिवडा करणार असाल तर तळायचे मक्याचे पोहे घ्या, नाष्ट्याचे कॉर्नफ्लेक्स नको, त्यात बऱ्याचदा जवाचं माल्ट असतं. बेसन लाडू नेहमीचेच, वरचा काजू-बेदाणा सोडून नुसता बेदाणा.

क्रम असा ठेवला की आधी पाहुण्यांचा फराळ, तोच सगळ्यांचा, आणि गहू-शेंगदाण्याचं काहीही घरात करायचंच नाही भाऊबीज होईपर्यंत. पोळ्यांऐवजी आठ दिवस भाकऱ्या आणि भात. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी पोळीची आठवण काढली, त्याला डेमोच्या दिवसाची आठवण करून दिली. वेगळं ताट, वेगळा डबा, वेगळा चमचा हे मोठ्या माणसांना जमतं, पोरांच्या घोळक्यात नाही जमत, कुणीतरी एका डब्यातला हात दुसऱ्यात घालतोच.

आणि इतकं करून काय राहिलं होतं माहितीये? शेजारची ताटं! पाडव्याच्या सकाळी बेल वाजली, समोरच्या काकू, रुमालाने झाकलेलं ताट, चिवडा करंजी शेव चकली. त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरच्या. मी फिरून येईपर्यंत सासूबाईंनी ताट कौतुकाने टीपॉयवर ठेवलेलं, चिवड्यात वरच तळलेले दाणे, आणि चार वर्षांचं पोर टीपॉयच्या बरोबर उंचीचं. जाऊ कशी उठली मला कळलंच नाही, ताट तिच्या हातात वर. काही झालं नाही, त्याने हात लावला नव्हता. पण नंतर दहा मिनिटं तिचा हात थरथरत होता. आल्या दिवशीच तिने आम्हा सगळ्यांना बसवून अ‍ॅड्रिनलिनचं पेन कसं वापरायचं दाखवलं होतं, म्हणजे अ‍ॅलर्जीने श्वासावर गेलं तर लगेच द्यायचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं, आणि दिल्यावरही हॉस्पिटल गाठायचंच. तेव्हा सासूबाईंना ते जरा नाटक वाटलं होतं, पाडव्यानंतर त्याच दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि आलेलं प्रत्येक ताट बाहेरच्या बाहेर बाबांच्या हाती गच्चीवर. बाबा वर काय करत होते एवढा वेळ ते मी विचारलं नाही, पण शेव संपली होती.

भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. भाची आली, ताटासमोर बसली आणि सवयीने एकेका पदार्थावर बोट ठेवून विचारायला लागली, मामी हे मी खाऊ? हे खाऊ? लाडू झाला, चिवडा झाला, चकलीपाशी बोट थांबलं. विचारलं नाही तिने, नुसती आईकडे बघितलं. नणंद म्हणाली, खा, मी हिंग बघितलाय. एक खाल्ली. थांबली. रात्री आठ वाजता दुसरी मागितली. मी रात्रभर तिच्या खोलीच्या दाराचा कानोसा घेत होते, एकदाही उघडलं नाही.

तर स्टार द्यायचे झाले तर मशीनला पाचपैकी साडेतीन. पीठ चांगलं, पण कापडी पिशवी झटकताना घरभर पिठाचा धुरळा आणि मला शिंका, कोपरे साफ करायला ब्रश पोचत नाही, जाळी बदलायला जोर लागतो, आणि चाळीस किलोचं धूड हलवायचं म्हणजे दोन माणसं. डीलरच्या सर्व्हिसला एक, तोही त्या मुलासाठी. घरात रोज ग्लूटेन टाळणारं कुणी असेल तर डोळे झाकून घ्या, नणंद आता घेतेय. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी साडेसतरा हजार घालू नका, पाच किलोच्या आतलं सगळं नव्या भांड्यात मिक्सरवर होतं, वेळ लागतो एवढंच. ते पैसे नवी चाळण, नवा सोऱ्या, नवं लाटणं आणि बरोबर हिंग यात घातले तरी पुष्कळ उरतील. फक्त शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे मशीन नकोच, त्याला घरातलं कूट काढणं जास्त उपयोगी.

घेतलीत तर सगळ्यात बारीक जाळी एक जास्तीची तेव्हाच मागून घ्या, नंतर सुटी मागवली तर महिना लावतात, माझी अजून आली नाहीये. आणि डेमो नको म्हणून बिलावर लिहून घ्या. आमच्या मशीनच्या झाकणावर आता खाकी टेप चिकटवलीये, त्यावर जाड मार्करने "यात गहू टाकू नये". अक्षर नवऱ्याचं आहे.